बाबांना पहिलं ॲनिमे दाखवताना

अनेक आशीर्वाद.

बाबांना ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, गोडी लागावी म्हणून तू ‘अटॅक ऑन टायटन’ काढून ठेवलं आहेस. ते सध्या राहू दे. पहिल्याच भागाच्या शेवटी एका आईला तिच्या मुलाच्या डोळ्यांदेखत राक्षस खातो. ‘कार्टून’ म्हणून नाक मुरडणारा माणूस तिथे उठतो आणि पुन्हा लवकर बसत नाही. तुला काय आवडतं हे बाजूला ठेव. बाबांना आधीपासून जे आवडतं, तेच ॲनिमेत शोधायचं आहे.

त्यासाठी आठवडाभर नुसतं बघ, रिमोट हातात आला की ते स्वतःहून काय लावतात. तपासकथा लावत असतील तर माझं मत ‘मॉन्स्टर’ला (2004). 1986 सालचं जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ, मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा जपानी डॉक्टर तेन्मा. आधी दाखल झालेल्या तुर्की कामगाराला थांबवून वरिष्ठ तेन्माला एका प्रसिद्ध गायकाच्या ऑपरेशनला पाठवतात आणि कामगार दगावतो. पुढच्या वेळी एकीकडे महापौर असतात, दुसरीकडे डोक्यात गोळी लागलेला मुलगा. तेन्मा मुलाला निवडतो आणि त्याची किंमत मोजतो. ज्याने आयुष्यभर साहेबाचे हुकूम ऐकले आहेत, त्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. मात्र मालिका 74 भागांची, म्हणजे जवळपास तीस तासांची आहे. म्हणून ‘चार भाग बघू’ एवढंच ठरवा. ‘डेथ नोट’ 37 भागांत आटोपते आणि पकड पटकन घेते. पण शाळकरी नायकाची लांबलचक स्वगतं मोठ्यांना खटकतात आणि 25 व्या भागानंतर गोष्ट सैल पडते. ती नंतरसाठी ठेव.

बाबा नाटकवेडे असतील तर ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’ (2016) बघ. राकुगो म्हणजे उशीवर बसून एकट्याने गोष्ट रंगवण्याची जपानी कला. हातात पंखा आणि एक छोटं फडकं, बाकी सगळी पात्रं मान वळवून आणि आवाज बदलून उभी करायची. एकपात्री प्रयोगांना गर्दी करणाऱ्या मराठी प्रेक्षकाला ही कला परकी वाटत नाही. पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांबीचा आहे, तेव्हा पाऊण तास मोकळा काढा.

आईही सोबत बसणार असेल तर इसाओ ताकाहाता यांचा ‘ओन्ली यस्टरडे’ (1991). 27 वर्षांची ताएको टोकियोतल्या ऑफिसातून सुट्टी काढून यामागाताला करडईची फुलं खुडायला जाते आणि तिला पाचवीतलं वय आठवत राहतं. आपल्याकडे करडई पेरतात ती मुख्यतः तेलासाठी. तिथे पाकळ्यांपासून लाल रंग काढतात आणि ते काम चित्रपटात निगुतीने दाखवलं आहे. घरी शेती असेल तर इथे गप्पांना विषय मिळेल. लांबी जवळपास दोन तास आणि गती संथ, त्यामुळे रात्री जेवणानंतर लावू नकोस.

आवडीचा अंदाजच येत नसेल तर सातोशी कोन यांचा ‘टोकियो गॉडफादर्स’ (2003). दीड तासाचा चित्रपट. ख्रिसमसच्या रात्री तीन बेघर माणसांना कचऱ्यात एक तान्हं बाळ सापडतं आणि ती त्याच्या आईच्या शोधात निघतात. हसू आहे, धावपळ आहे आणि एका बैठकीत सगळं संपतं.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (1988) हा युद्धात होरपळलेल्या भावंडांचा चित्रपट पहिल्यांदा नको. मोठ्यांसाठीचं म्हणून बरेच जण हेच लावतात. बघणारा हेलावतो, मनापासून कौतुक करतो आणि दुसऱ्या वेळी टाळतो.

निवडलेलं आधी एकटा बसून त्यांच्या नजरेने बघ. अंघोळीचे किंवा आखूड स्कर्टचे मुद्दाम घेतलेले कॅमेऱ्याचे कोन पहिल्या दोन भागांत दिसले तर ती मालिका सोड; मुलांसोबत बसलेल्या बापाला दुसरं काही दिसणारच नाही. गंभीर प्रसंगात चेहरा अचानक चपटा होणं, कपाळावर भलामोठा घामाचा थेंब येणं, या खुणा तुझ्या सवयीच्या, त्यांना त्या पोरकट वाटतात. ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’ इतकी भक्कम कथाही सुरुवातीला इथेच मार खाते.

टीव्हीची तयारीही कर. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) असल्या तरी ॲनिमेत एकच चित्र बहुधा दोन-तीन चौकटी टिकतं. हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय मधली चित्रं स्वतः बनवते आणि रेषा फरफटतात, म्हणून ती बंद ठेव. हिंदी डब असेल तर तो आधी ऐकून बघ. नसेल तर सबटायटल मोठी आणि काळ्या कडेची कर, चष्मा जवळ असू दे.

‘हे कार्टून नाही’ असा वाद घालू नकोस. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर लागलेली मोगलीची मालिकाही ॲनिमेच, निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीची, 1989 ची. हिंदीत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. विषय निघालाच तर एवढं सांग आणि थांब.

बघताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसू नकोस, पुढे काय येणार ते सांगू नकोस. वीस मिनिटांत उठले तर बंद कर, कारण विचारू नकोस. ‘मॉन्स्टर’चे चार भाग झाल्यावर पाचवा त्यांनी मागितला तरच लाव. नाही मागितला तर दोन-तीन आठवडे जाऊ दे आणि एखाद्या मोकळ्या रविवारी ‘टोकियो गॉडफादर्स’ काढ.