नागपूर भाजपचं, मग शेजारची शहरं वेगळी का? विदर्भातल्या एका गावातून उत्तर

तुम्ही विचारलंय की नागपूर भाजपचा बालेकिल्ला, मग काही तासांवरचे अमरावती, चंद्रपूर, अकोला, वर्धा तसेच का नाहीत, शहराचा राजकीय कल नेमका ठरतो कशानं. मी आर्वी तालुक्यातला, शेती करतो, पण निम्मं खानदान नागपुरात आहे आणि येणंजाणं सतत चालू असतं, म्हणून जे समजलं ते लिहितो.

पहिले तर नागपूर कायमचं भाजपचं हे डोक्यातून काढा. संघाची स्थापना तिथे १९२५ ला झाली हे खरं, पण लोकसभेत २०१४ पर्यंत तिथून भाजप फक्त एकदाच निवडून आला, १९९६ ला बनवारीलाल पुरोहित, आणि तेच पुरोहित त्याआधी १९८४ आणि १९८९ ला काँग्रेसकडून खासदार झाले होते. १९६२ ला नागपूरनं बापूजी अणेंना अपक्ष पाठवलं, १९७१ ला जांबुवंतराव धोटेंना फॉरवर्ड ब्लॉककडून. १९७७ ला आणीबाणीनंतर उत्तरेत काँग्रेस साफ झाली तेव्हाही नागपूर काँग्रेसकडेच राहिलं. १९९८ ते २००९ सलग चार वेळा विलास मुत्तेमवार. आणि १९५७ ला याच शहरातून ए. बी. बर्धन, म्हणजे पक्के कम्युनिस्ट, अपक्ष म्हणून आमदार झाले होते.

कारण तेव्हाचं नागपूर गिरण्यांचंही शहर होतं. एम्प्रेस मिल १८७७ ची, टाटांची, ती २००२ ला बंद पडली. गिरणी असली की युनियन असते, युनियनचं ऑफिस असतं, पोराचं अॅडमिशन असो की पोलीस स्टेशनचं काम, माणूस आधी तिथे जातो आणि मत पण तिथूनच ठरतं. गिरणी गेली की ते सगळं जातं आणि मग त्या मोहल्ल्यात रोज कोण येतं, आजारपणात अॅम्ब्युलन्स कोण आणतं, गणपती-दुर्गा मंडळ कोण चालवतं, त्याच्याकडे लोक सरकतात. माझ्या मते शहराचा कल म्हणजे नव्वद टक्के हेच आहे, कोण कोणत्या कामासाठी येऊन वसलं आणि रोजच्या अडचणीत दारात कोण उभं राहतं. विचारधारा त्याच्या मागून येते.

आजही नागपूर एकरंगी नाहीच. लोकसभेच्या पोटात शहरातले सहा विधानसभा मतदारसंघ आहेत, २०१४ ला सहाही भाजपकडे गेले, पण २०१९ आणि २०२४ दोन्ही वेळा उत्तर आणि पश्चिम काँग्रेसनं घेतले. उत्तर नागपूर म्हणजे इंदोरा वगैरे, मोठी बौद्ध वस्ती. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या शहरात दीक्षा दिली तेच हे शहर, संघाचं रेशीमबाग आणि दीक्षाभूमी एकाच गावात आहेत, मग एक शिक्का मारून कसं चालेल?

अकोल्याचं तर अजून भारी आहे. अकोला पश्चिम १९९५ पासून भाजपकडे होता, २०२४ ला दीड हजारापेक्षा कमी मतांनी काँग्रेसकडे गेला, शेजारचा अकोला पूर्व मात्र भाजपकडेच राहिला, आणि जिल्हा परिषदेवर वर्षानुवर्षं प्रकाश आंबेडकरांच्या लोकांचा वरचष्मा. एकच जिल्हा, तीन हिशोब. चंद्रपूरनं २०१९ ला अख्ख्या महाराष्ट्रात काँग्रेसचा एकमेव खासदार दिला, त्याआधी तीन टर्म तिथे भाजपचे हंसराज अहीर होते. आमच्या वर्ध्यानं, गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यानं, १९९१ ला वसंत साठेंसारख्या माणसाला पाडून मार्क्सवादी पक्षाचे रामचंद्र घंगारे निवडून दिले होते.

आता शहर आणि खेड्यातला फरक, जो मला रोज दिसतो. माझा चुलतभाऊ वर्धा रोडवरच्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहतो, नोकरी मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पात. त्याच्याशी निवडणुकीचं बोललं की मेट्रो, सिमेंट रोड, उड्डाणपूल. दिवाळीला तो गावी आला आणि हेच सांगत बसला तर त्याचेच वडील, म्हणजे माझे काका, म्हणाले, "मले कायचा मेट्रो बावा, वावरात दिवसा लाइन देते का थे सांग." रात्री बारानंतर मोटर चालू करायला जायचं, त्यात रानडुकरं, साप, हे ज्यानं भोगलं त्याला उड्डाणपुलाचं कौतुक कमीच असणार. एकच घर, एकच आडनाव, एकच जात, मत वेगळं.

आणि हे पण पक्कं नसतं. २०२४ मध्ये विदर्भातल्या दहा लोकसभा जागांपैकी महायुतीला तीनच मिळाल्या, नागपूर, अकोला, बुलढाणा. सोयाबीनचा राग होता, लोक उघड बोलत होते. बाजार समितीत गाडी लावली की व्यापाऱ्याचा माणूस मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतो, ओलावा जास्त दाखवला की भाव तिथेच खाली, घासाघीस करायला पण जागा नाही, कारण माल परत न्यायचा म्हणजे पुन्हा गाडीभाडं. मग सहाच महिन्यांत, नोव्हेंबरच्या विधानसभेत वर्धा जिल्ह्यातल्या चारही जागा भाजपकडे गेल्या. मधे काय झालं? ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये बायांच्या खात्यात यायला लागले, आणि मतदानाच्या काही दिवस आधी सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के केली. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढा मिळत नव्हता, राग संपला नव्हता, पण आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत बाईनं पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता मत दिलं. याला मी वाईट म्हणणार नाही. महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावावर पैसा येणं ही खेड्यातल्या बाईसाठी मोठी गोष्ट आहे, टीव्हीवर बसून त्याला 'विकलं गेलेलं मत' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तुम्हाला खरंच अभ्यास करायचा असेल तर पक्षाचे रंग भरलेले नकाशे सोडा आणि निवडणूक कार्यालयाच्या साईटवर फॉर्म २० बघा, त्यात बूथनिहाय मतं असतात. नागपूर उत्तर आणि दक्षिण-पश्चिम आधी काढा, मग आर्वी काढा आणि त्यात शहरातले बूथ वेगळे, खेड्यातले वेगळे करून बघा. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, आर्वीच्या बूथांमधली कोणती वस्ती कुठली हे मी सांगू शकतो.