दहा केचा रेझिस्टर आणि मोबाईलचं स्टॉपवॉच

प्रश्न: मी पुण्यात धायरीला राहतो, नोकरी सांभाळून घरी टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टर दुरुस्त करायचा नाद आहे. जुन्या बाजारातून रविवारी बोर्ड आणतो, त्यावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) काढून डबाभर साठवलेत, पण चांगला कुठला नि गेलेला कुठला तेच कळत नाही, माझ्या पिवळ्या मल्टिमीटरला कपॅसिटन्सची रेंजच नाहीये. घरी काही बनवता येईल का?

उत्तर: येईल की! तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० के (म्हणजे दहा हजार) ओहमचा एक टक्कावाला रेझिस्टर आणा (पट्ट्या तपकिरी, काळी, काळी, लाल, तपकिरी), पाच टक्केवाला नको, कारण सगळं माप त्याच्याच भरवशावर आहे. मोबाईल चार्जरच्या ५ व्होल्टचा प्लस या रेझिस्टरमधून कपॅसिटरच्या प्लसला द्या, मायनस मायनसला, मीटर कपॅसिटरवर लावा आणि कपॅसिटरचे दोन्ही पाय वायरच्या तुकड्याने शॉर्ट करून ठेवा. वायर उचलली की स्टॉपवॉच चालू, ३.१६ व्होल्ट (५ च्या ६३ टक्के) दिसले की बंद, जितके सेकंद त्याला १०० ने गुणा, झाले मायक्रोफॅरड, म्हणजे कपॅसिटरचं माप. १००० चा असेल तर १० सेकंद, ४७० ला पावणेपाचच्या आत-बाहेर, आणि इलेक्ट्रोलिटिकमध्ये (प्लस-मायनसवाल्या डबीसारख्या कपॅसिटरमध्ये) २० टक्के इकडेतिकडे चालतं. चार्जर ५.१ देत असेल तर त्याच्या ६३ टक्क्यांवर थांबायचं. छोट्या कपॅसिटरला १०० के लावावासा वाटेल (मग सेकंदांना १० नेच गुणायचं), पण स्वस्तातल्या पिवळ्या मीटरचा इनपुट रेझिस्टन्स बऱ्याचदा १ मेगाओमच असतो, तो मध्ये येतो आणि आकडा आठेक टक्के जास्त दाखवतो, तेवढा वजा धरा.

अडॅप्टरच्या मेन्सकडच्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज असतो, प्लग काढल्यावरही राहतो, तो आधी २३० व्होल्टच्या जुन्या तारेच्या (एलईडी नव्हे) बल्बमधून उतरवा आणि शून्य झालाय हे मीटरने बघूनच हात लावा, ही गोष्ट खरंच मनावर घ्या.

आता अडचण अशी की अडॅप्टरमधले कपॅसिटर बरेचदा मायक्रोफॅरड नीट दाखवूनही गेलेले असतात, कारण आतला रेझिस्टन्स म्हणजे ईएसआर वाढलेला असतो, आणि तो स्टॉपवॉचला सापडत नाही. त्याला १०० किलोहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल लागतो, तिथे १००० मायक्रोफॅरडचा स्वतःचा अडथळा जेमतेम ०.००१६ ओहम उरतो, मग दिसतो तो ईएसआरच. असा ईएसआर मीटर बनवाल तेव्हा आधी १ ओहम आणि १० ओहमचे रेझिस्टर लावून काटा कुठे येतो तिथे पेन्सिलने खुणा करून घ्या.