तोकव्हीलची ‘कंडिशन’ मराठीत कशी आणायची?

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तोकव्हील याच्या अमेरिकेतील लोकशाहीवरच्या ग्रंथात ‘इक्वॅलिटी ऑफ कंडिशन्स’ हा शब्दप्रयोग पानोपानी येतो. अनुवादकाने त्याला ‘परिस्थितीची समानता’ लिहिलं, संपादकाने ते खोडून सगळीकडे ‘समता’ केलं. बरोबर कोणाचं?

दोघांचंही नाही. ‘दर्जाची समानता’ लिहावं. हा शब्द नव्याने घडवायचीही गरज नाही, शाळेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो छापलेला असतो. त्याकडे पुढे येतोच.

आधी ‘परिस्थिती’त काय बिघडतं ते पाहू. मराठीत कुणाच्या घरच्या परिस्थितीविषयी बोलतो तेव्हा आपण बहुतेक वेळा पैशाविषयी बोलत असतो. ‘त्यांची परिस्थिती बेताचीच आहे.’ ‘परिस्थिती नव्हती म्हणून शाळा सुटली.’ या दुसऱ्या वाक्यात तर विशेषणही लागलेलं नाही. परिस्थिती असणं म्हणजेच चार पैसे असणं. तेव्हा ‘अमेरिकेतली परिस्थितीची समानता’ असं वाचलं की मराठी वाचकाला वाटणार, तिथे सगळ्यांकडे सारखाच पैसा होता. तोकव्हीलचं म्हणणं तसं मुळीच नाही. पैशाची एवढी ओढ असलेला दुसरा देश आपल्याला ठाऊक नाही, असं तो लिहितो. तिथे श्रीमंत आहेत, पण पैसा झपाट्याने या हातातून त्या हातात जातो आणि लागोपाठ दोन पिढ्या एका घरात क्वचितच टिकतो, हे त्याचं निरीक्षण.

मग त्याची ‘कंडिशन’ म्हणजे काय? मूळ फ्रेंच शब्द ‘काँदिस्याँ’. जुन्या फ्रान्समध्ये ‘काँदिस्याँचा माणूस’ म्हणजे खानदानी, उमराव घराण्यातला माणूस. जन्माने मिळालेली पायरी, असा त्या शब्दाचा रोख. तोकव्हील १८०५चा, स्वतः नॉर्मंडीतल्या सरदार घराण्यातला. त्याचे पणजोबा मालझेर्ब यांना फ्रेंच क्रांतीत १७९४ साली गिलोटिनवर चढवलं होतं. व्हर्सायच्या न्यायालयात कनिष्ठ पदावर असलेला हा पंचविशीतला तरुण गुस्ताव्ह द बोमाँ या मित्राबरोबर ९ मे १८३१ला अमेरिकेत न्यूपोर्टला उतरला. कागदोपत्री काम होतं तिथले तुरुंग पाहण्याचं. साधारण नऊ महिने तो तिथे हिंडला आणि त्यातून ग्रंथाचे १८३५ व १८४० असे दोन भाग झाले. अशा माणसाच्या कानाला ‘काँदिस्याँ’ म्हटल्यावर आधी पायऱ्यांची उतरंड ऐकू येणार, उत्पन्न नव्हे. ती उतरंड अमेरिकेत दिसत नाही, याचं त्याला नवल वाटतं.

का दिसत नाही, याचं त्याने दिलेलं एक कारण अगदी व्यवहारी आहे: वारसाहक्क. सगळी जमीन थोरल्याला गेली की घराणं आणि जमीन एकमेकांना चिकटून राहतात आणि धाकटे त्या नावाच्या सावलीत जगतात. सगळ्या मुलांना सारखी वाटणी झाली की तीन पिढ्यांत वाड्याचे तुकडे होतात, आणि जमिनीबरोबर नावाचा तोराही वाटला जातो. व्हर्जिनियात जमीन कुळाला कायमची बांधून ठेवणारी तरतूद १७७६ मध्ये गेली आणि थोरलेपणाचा हक्क १७८५ मध्ये. ‘वडीलकीचा मान’ आणि ‘थोरली पाती’ हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना यातली खोच वेगळी समजावून सांगायला नको.

ही समानता दिसते अशी दुसरी जागा नोकराची. तोकव्हील म्हणतो की तिथे मालक आणि नोकर यांच्यात फक्त करार असतो. कराराबाहेर दोघे बरोबरीचे नागरिक, आणि आजचा नोकर उद्या मालक होऊ शकतो. पगार कमी-जास्त, पण पायरी एक. याच सुमारास सिनसिनाटीत राहिलेल्या इंग्रज लेखिका फ्रान्सिस ट्रोलप यांनी काहीशा कुरकुरतच नोंदवलं आहे की तिथे ‘सर्व्हंट’ म्हटलेलं कुणी खपवून घेत नाही, ‘हेल्प’ म्हणावं लागतं. आपल्याकडे हेच काम नात्याचे शब्द करतात. मोलकरीण तोंडावर ‘मोलकरीण’ नसते, ती ‘मावशी’ किंवा ‘ताई’ असते; कायद्यात मात्र २००८ साली ‘घरेलू कामगार’ हा करार सुचवणारा शब्द आला. तोकव्हीलला यातला कोणता शब्द पटला असता, हे उघड आहे.

आता संपादकाची ‘समता’. ‘समता’ आणि ‘समानता’ कोशात शेजारी असले तरी वापरात एक नाहीत. विरुद्धार्थी शब्द लावून पाहा. समतेच्या समोर विषमता उभी राहते, आणि ‘विषमता’ म्हटलं की त्यात अन्यायाची तक्रार आलीच. समानतेच्या समोर असमानता. ती नुसती मोजमापातलीही असू शकते. ‘मराठी आणि कोंकणीतली समानता’ म्हणता येतं, ‘समता’ म्हणता येत नाही. उलट लढा समतेचा असतो. १९२८ साली डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतून ‘समता’ नावाचं पत्र निघालं. ‘समानता’ हे नाव त्या जागी कसं मिळमिळीत वाटलं असतं पाहा. समता हे मूल्य आहे, मागणी आहे. तोकव्हील ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात जे सांगतो ती मागणी नाही, डोळ्यांना दिसलेली वस्तुस्थिती आहे, आणि तिच्याविषयी त्याच्या मनात कौतुक आणि धास्ती दोन्ही आहेत. लोकांना स्वातंत्र्यात समानता हवी असते, पण तशी मिळाली नाही तर ती गुलामीतही चालते, असं तो बजावतो. ‘गुलामीतली समता’ मराठीत उभंच राहत नाही, ‘गुलामीतली समानता’ राहते. फ्रेंच क्रांतीच्या घोषणेत मात्र ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हेच ठेवावं, तिथे ते मूल्यच आहे.

आणि पाठ्यपुस्तकातला तो शब्द? संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ असं आहे. हिंदीत त्याच जागी ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’. मराठी मसुदा करणाऱ्यांनी ‘दर्जा’ निवडला, तो तोकव्हीलच्या ‘काँदिस्याँ’ला जवळपास नेमका बसतो.

‘लोकशाही’ या शब्दाबाबतही इथेच सावध राहायला हवं. ‘-शाही’ म्हणजे राज्य: निजामशाही, आदिलशाही. तोकव्हील ‘देमोक्रासी’ दोन अर्थांनी वापरतो. कधी लोकांचं राज्य, कधी पायऱ्या पुसल्या गेलेला समाज. दुसऱ्या अर्थी नुसतं ‘लोकशाही’ लिहिलं तर वाक्य लंगडतं, तिथे ‘लोकशाही समाज’ किंवा ‘लोकशाही समाजस्थिती’ लिहावं. ‘बहुमता’च्या बाबतीत मात्र मराठी शब्दाला घसघशीत फायदा आहे. तोकव्हीलला बहुसंख्येच्या हातातल्या कायद्यापेक्षा तिच्या मताचा दाब जास्त खुपतो, आणि आपल्या शब्दात ‘मत’ आहेच. एका तळटीपेत त्याने पेनसिल्व्हेनियातल्या एका रहिवाशाशी झालेलं संभाषण दिलं आहे: स्वतंत्र कृष्णवर्णीयांना कायद्याने मतदान करता येतं, पण मारहाणीच्या भीतीने ते येत नाहीत. १८३८ साली तिथल्या राज्यघटनेत ‘गोरा’ हा शब्द घालून कायद्यातूनही तो हक्क काढला गेला. ‘अमेरिकेतली दर्जाची समानता’ लिहिताना ती कोणापुरती होती, हे अनुवादकाने टिपेत सांगावं. तोकव्हीलनेही कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी यांच्यासाठी पहिल्या भागाच्या शेवटी स्वतंत्र प्रकरण ठेवलं आहे.

वापरताना अडचणी दोन. ‘दर्जा’चा ‘प्रत, गुणवत्ता’ हा अर्थ जाहिरातींनी फार पुढे आणला आहे, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘सामाजिक दर्जाची समानता’ असं पूर्ण लिहावं आणि पुढे नुसती ‘समानता’ चालवावी. दुसरी अडचण मुद्रितशोधकाची: तो ‘दर्ज्याची’ करील. शासनमान्य लेखननियमांप्रमाणे ‘जा’कारान्त पुल्लिंगी शब्दाच्या सामान्यरूपात ‘य’ येत नाही, म्हणून ‘दर्जा – दर्जाचा’.