लिनक्स ‘युनिक्सवर आधारित’ आहे का?

लिनक्स आणि युनिक्स या दोन्ही संगणक चालवणाऱ्या प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम). प्रश्न असा: लिनक्सबद्दल लिहिताना ‘युनिक्स’ म्हणावं, ‘युनिक्ससारखी’ म्हणावं, की ‘युनिक्सवर आधारित’?

‘युनिक्सवर आधारित’ नक्कीच नको. हा प्रयोग सर्रास दिसतो, आणि लिनक्सच्या बाबतीत तो चुकीचा आहे. ‘आधारित’ म्हटलं की मूळ कोड घेऊन पुढे काम केलं, असा अर्थ निघतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नव्याने लिहिलं. सोबतची जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची साधनंही नव्यानेच लिहिलेली. ‘जीएनयू युनिक्स नव्हे’ हे तर त्या नावातच आहे. युनिक्सचं वागणं घेतलं, कोड घेतला नाही. म्हणून लिनक्स ‘युनिक्ससारखी’.

‘आधारित’ शोभतं ते फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीला. एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्सचा कोड बर्कली विद्यापीठात गेला, तिथे वाढला, बदलला. त्यावरून १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने खटला भरला. १९९४ मध्ये तडजोड झाली, वादग्रस्त फाइली काढल्या गेल्या, आणि उरलेल्या कोडवर आजची फ्रीबीएसडी उभी आहे. इतकी थेट वंशावळ असूनही तिला अधिकृतपणे ‘युनिक्स’ म्हणता येत नाही.

कारण ‘युनिक्स’ हा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे आणि तो द ओपन ग्रुपकडे आहे. सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशन या मानकाच्या चाचण्या उत्तीर्ण व्हायच्या, शुल्क भरायचं, मग नाव वापरायचं. वंश विचारला जात नाही. त्यामुळे आयबीएमच्या मेनफ्रेमवरची झेड/ओएस, जिचा उगम पूर्ण वेगळा, युनिक्स ९५ म्हणून प्रमाणित आहे (९५, ०३ या त्या मानकाच्या पातळ्या). मॅकओएसने २००७ मध्ये १०.५ आवृत्तीपासून युनिक्स ०३ मिळवलं. हुआवेच्या यूलरओएसलाही तेच प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि ती चक्क लिनक्सवर बांधलेली! म्हणजे ‘लिनक्स कधीच युनिक्स होऊ शकत नाही’ हेही खरं नाही. प्रमाणपत्र विशिष्ट उत्पादनाच्या विशिष्ट आवृत्तीला मिळतं, अख्ख्या कुळाला नाही. डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या वितरणांकडे ते नाही.

प्रमाणपत्र आहे म्हणून सगळीकडे सारखंच वागेल, असंही समजू नये. मॅकवर आणि लिनक्सवर डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ’ आज्ञा नुसती द्या. मोकळी जागा तितकीच असली तरी मॅकवरचा आकडा दुप्पट दिसेल. पोझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींनी कसं वागावं हे ठरवणारं मानक; त्यानुसार ‘डीएफ’ ५१२ बाइटच्या एककात मोजतं, मॅक तेच पाळतो; जीएनयूची आवृत्ती १०२४ बाइटचं एकक धरते. आकडा वाचून डिस्क भरल्याचा इशारा देणारी स्क्रिप्ट (आज्ञा लिहिलेली फाइल) इथेच फसते. ‘डीएफ -के’ लिहिलं की दोन्हीकडे १०२४. फाइलमधला मजकूर जागीच बदलणाऱ्या ‘सेड -आय’चं दुखणं निराळं. ‘-आय’ हा पर्याय मानकातच नाही. मॅकवर त्याच्यापुढे बॅकअप फाइलच्या नावाला जोडायचं शेपूट द्यावंच लागतं, निदान रिकामं अवतरण तरी. लिनक्सवर चालणारी ओळ तशीच नेली, तर मॅक बदलाचा आदेशच शेपूट समजतो आणि फाइलचं नाव आदेश म्हणून वाचायला जाऊन अडतो.

तेव्हा निविदा, करार, पाठ्यपुस्तक असेल तिथे ‘युनिक्स’ फक्त प्रमाणित आवृत्तीलाच लिहावं आणि पुढे ‘०३’ की ‘९५’ तेही द्यावं. लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोन्हींना मिळून बोलायचं असेल तर ‘युनिक्ससारख्या प्रणाली’ हे सरळ, बिनचूक आहे. स्क्रिप्टबद्दल लिहिताना मात्र दोन्ही शब्द बाजूला ठेवून ‘पोझिक्सनुसार’ म्हणावं, कारण तिथे वाचकाला ओळ कुठे चालेल एवढंच हवं असतं.