लोकल स्टॉक कार रेसिंगमध्ये पैसेवालाच जिंकतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही शार्लटजवळ राहता, शनिवारच्या स्थानिक स्टॉक कार शर्यतीत (रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या रेसिंग गाड्यांची शर्यत) स्वतःची गाडी उतरवायचं मनात आहे, पण ‘तिथे ज्याच्याकडे पैसा त्याचाच झेंडा’ असं ऐकलंय. मग खर्चाला आळा घालणारे नियम खरंच काही कामाचे असतात का?

असतात, पण सगळे नाही. मीही नॉर्थ कॅरोलायनातच राहतो. एका मित्राच्या स्ट्रीट स्टॉक (रस्त्यावरच्या गाडीवरून बनवलेल्या, स्वस्त वर्गातल्या) गाडीच्या टायरचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे शर्यतीनंतर तपासणीच्या शेडमध्ये नेहमी जाणं होतं. माझं मत पक्कं झालंय: जो नियम त्याच रात्री, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तपासता येतो, तोच नोकरी सांभाळून रेसिंग करणाऱ्याला वाचवतो.

वजनाचंच बघा. गाडी चार काट्यांवर चढवतात, प्रत्येक चाकाखाली एक, ड्रायव्हर आत बसलेला. ओव्हल ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडे, म्हणून डाव्या बाजूला वजन जितकं जास्त तितकी गाडी वळणात वेगाने जाते. बऱ्याच ट्रॅकवर लेट मॉडेलसाठी (खास रेसिंगसाठी बांधलेल्या गाड्यांचा वरचा वर्ग) डाव्या बाजूच्या वजनाची मर्यादा ५८ टक्क्यांच्या आसपास असते. आकडा पडद्यावर येतो, मागे रांगेत उभे असलेले प्रतिस्पर्धी तो वाचतात आणि वाद तिथेच मिटतो. वजन भरायला लावलेल्या शिशाच्या विटांवरसुद्धा गाडीचा नंबर रंगवलेला असावा लागतो. ट्रॅकवर वीट सुटून पडली तर कोणाची ते लगेच कळतं.

इंजिनाचं इतकं सोपं नाही. खास बांधून घेतलेल्या लेट मॉडेल इंजिनाला तीस-चाळीस हजार डॉलर सहज लागतात. त्याला उतारा म्हणून कारखान्यातून सीलबंद येणारी क्रेट इंजिनं आली. जनरल मोटर्सचं ६०२ साधारण ३५० हॉर्सपॉवरचं, ६०४ साधारण ४०० चं, आणि किंमत वरच्या आकड्याच्या कितीतरी खाली. पण लोकांनी बनावट सीलचे बोल्ट बसवले. ज्यांच्याकडे पैसा आहे ते दोन-चार इंजिनं घेऊन डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) लावतात आणि त्यातलं सरस ते ठेवतात. हे दुसरं तर नियमातही बसतं. तरीही मी क्रेटच्याच बाजूने आहे, कारण दोन गाड्यांतला फरक दहा-पंधरा हॉर्सपॉवरचा असेल तर चांगला ड्रायव्हर तो भरून काढतो.

खरा खिसा कापतात ते टायर. एक टायर दीडशे-दोनशे डॉलरचा, आणि स्ट्रीट स्टॉक जिंकणाऱ्याला मिळतात काहीशे डॉलर. नवा टायर पहिल्या काही फेऱ्यांत जी पकड देतो ती नंतर मिळत नाही, त्यामुळे दर शनिवारी चार नवे टायर घालणारा पुढेच राहणार. यावर ‘आठवड्याला दोनच नवे टायर, बारकोड स्कॅन करून’ हा नियम मला सगळ्यात न्याय्य वाटतो. तपासायला मिनिटभर लागतं आणि वाचणारा पैसा थेट घरात राहतो.

टायर रसायनात मुरवून मऊ करण्याची चोरी मात्र भयंकर चीड आणते. ड्युरोमीटरची सुई रबरात टोचून मऊपणा मोजतात, वास घेतात, पण खात्री करायची तर तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. माझ्या मित्राला त्याचा तिसरा क्रमांक असाच पुढच्या आठवड्यात फोनवर कळला. पुढची गाडी बाद झाली होती. पैसे मिळाले, पण स्टँडसमोर ट्रॉफी घेताना त्याच्या मुलीला बघता आलं नाही, ते कोण भरून देणार?

हे भांडण आजचं नाही. स्टॉक कार शर्यती भरवणारी अमेरिकेतली संस्था नॅसकार, तिच्या पहिल्याच ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ (फेरफार न केलेल्या गाड्यांच्या) शर्यतीत, १९ जून १९४९ ला, तुमच्याच शार्लटमध्ये ग्लेन डनवे पहिला आला होता. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला. चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्यांना करायचे तसलाच तो होता. विजय कॅन्ससच्या जिम रोपरला दिला गेला. गाडीमालक कोर्टात गेला, पण निकाल नॅसकारच्या बाजूने लागला. तेव्हा डनवेला सोडून दिलं असतं, तर पुढच्या शर्यतीला सगळ्यांनीच स्प्रिंगा बदलून आणल्या असत्या.

काही डर्ट ट्रॅकवर (मातीच्या ट्रॅकवर) ‘क्लेम’चा नियम आहे. ठरलेल्या किमतीला हरलेला ड्रायव्हर जिंकलेल्याचं इंजिन विकत मागू शकतो, त्यामुळे महाग इंजिन लावायची हिंमत होत नाही. कागदावर सुंदर, पण छोट्या गावात क्लेम करणं म्हणजे वैर पत्करणं, म्हणून फार कमी लोक ते करतात.

तुम्ही उतराच. आधी गाडी घेऊ नका, ट्रॅक निवडा. हिकरी आणि विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे हे दोन्ही ट्रॅक तुम्हाला दीड-दोन तासांच्या आत आहेत. पिट पास (गाड्या तयार करतात त्या भागात जायचा पास) काढून तपासणी संपेपर्यंत थांबा, कोणाकोणाची गाडी काट्यावर चढते ते बघा. गेल्या दोन-तीन वर्षांची नियमपुस्तिका मागून घ्या. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, कार्ब्युरेटर, टायरचा ब्रँड दरवर्षी बदलत असेल तर तो ट्रॅक सोडा, कारण प्रत्येक बदलाबरोबर गॅरेजमधला अर्धा माल भंगारात जातो. गाडी नवी बांधू नका. रेसिंग सोडणाऱ्याकडून स्पेअरसकट घ्या, आणि पहिल्या मोसमाच्या टायरचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा.