‘दरोगा’ शब्दाचे मूळ

प्रश्न असा आला आहे की, ‘दर्गा’ या शब्दात फारसी ‘दर’ म्हणजे दार आहे, तसेच ते ‘दरोगा’ या शब्दातही आहे काय, आणि दरोगा म्हणजे मुळात दारावरचा पहारेकरी काय?

‘दर्गा’बद्दलचे म्हणणे बरोबर आहे. फारसी ‘दर’ आणि ‘गाह’ (स्थान) मिळून ‘दरगाह’ झाला. ‘दरोगा’शी मात्र त्याचे काहीही नाते नाही. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला असला तरी मूळचा फारसी नव्हे. तो मंगोल आहे आणि चंगीझखानाच्या राज्यव्यवस्थेतून पुढे पसरलेला आहे.

मंगोल भाषेत ‘दरु’ या धातूचा अर्थ दाबणे. त्यापासून ‘दरुगा’ आणि ‘दरुगाची’ ही अधिकाऱ्याची नावे झाली. शेवटचा ‘ची’ हा ते काम करणाऱ्याचा वाचक असून खजानची, मशालची या शब्दांतून तुर्की वाटेने आलेला तसाच प्रत्यय आपल्या कानांना परिचित आहे. दाबायचे काय, तर शिक्का, असे सामान्यतः मानतात. काही अभ्यासक मात्र ‘प्रजेला दाबात ठेवणारा’ असा अर्थ लावतात. मला पहिला अर्थ अधिक पटतो, कारण मंगोल राजवटीत हुकमाचे सारे वजन शिक्क्यात होते. चंगीझखानाचा नातू गुयुक खान याने 1246 मध्ये पोप चौथे इनोसंट यांना पाठवलेले फारसी पत्र व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. त्यावर चौकोनी तांबडा शिक्का उमटवलेला असून, हा हुकूम शरण आलेल्या वा न आलेल्या लोकांपर्यंत पोहोचला तर त्यांनी तो मानावा आणि भय बाळगावे, असा मजकूर त्या शिक्क्यातच कोरलेला आहे. तुर्की भाषेत याच अधिकाऱ्याला ‘बास्काक’ म्हणत, आणि तोही ‘बास’ म्हणजे दाबणे या धातूवरूनच बनला आहे, हे विशेष.

1219 पासून चंगीझखानाने मध्य आशियातले ख्वारज्मचे राज्य जिंकायला घेतले. 1220 मध्ये बुखारा आणि समरकंद पडले. घोड्यावर वाढलेल्या या लोकांपुढे खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला, कारण शहर जिंकणे त्यांना साधले होते, पण ते चालवायचे कसे हे ठाऊक नव्हते. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात सांगितले आहे की, ख्वारज्ममधल्या उरगंज शहरातून आलेल्या यलवाच आणि मसूद या पितापुत्रांनी खानाला शहरांचे रीतिरिवाज समजावून दिले, आणि मग मसूदला मंगोल दरुगाचींच्या जोडीने बुखारा, समरकंद, काशगर आदी शहरांचा कारभार देण्यात आला. शिरगणती, करवसुली, सैन्यभरती आणि डाकचौक्यांची व्यवस्था ही दरुगाचीची कामे असत. स्थानिक अधिकारी आपापल्या जागी राहत, पण खानाचा माणूस त्यांच्या वर बसे. चीनमध्ये कुबलाई खानाने 1265 मध्ये हे पद मंगोलांसाठीच राखून ठेवण्याचा हुकूम काढला, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात येते.

मंगोलांची सत्ता ओसरली तरी इराणात आणि मध्य आशियात पदनाम टिकले. फारसीत त्याचे ‘दारूगा’ झाले, म्हणून मराठीत ‘दारोगा’ हे रूपही आढळते आणि ते अशुद्ध मानू नये. मोगल दरबारात तोफखाना, डाकचौकी अशा एकेका खात्याच्या प्रमुखाला दरोगा म्हणत, म्हणजे शहराचा धनी आता खात्यापुरता उरला. पुढे गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या काळात, 1793 च्या सुमारास, बंगालमध्ये कंपनीने ठाण्यावर पगारी दरोगा नेमले, आणि तेव्हापासून त्या मुलखात हा शब्द पोलिसांना चिकटला. उत्तर प्रदेशात आजही पोलीस उपनिरीक्षकाला दरोगा म्हणतात. महाराष्ट्रात ती जागा ‘फौजदार’ या शब्दाने घेतल्यामुळे दरोगा आपल्या बोलण्यातून मागे पडला. मंगोलियात मात्र ‘दार्गा’ हा शब्द आजही चालू असून, तिथे कोणत्याही कचेरीच्या प्रमुखाला तो लावतात.