कोल्हापुरात पहिल्यांदाच येतोय. महाद्वार रोड ही जुनी व्यापारी पेठ बघायला किती वेळ ठेवू? आणि खरी कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची?

तुम्ही प्रश्नात 'जुनी व्यापारी पेठ' लिहिलंय, म्हणून आधी एक सांगतो. गावात पेठा दोन तऱ्हेच्या आहेत. शाहूपुरी ही शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली, आणि लक्ष्मीपुरी म्हणजे धान्य-किराण्याचा होलसेल बाजार. महाद्वार रोड मात्र अंबाबाईच्या देवळाच्या दारातला बाजार. पाहुण्यानं बघायचा तो हाच. तीन तास ठेवा, तेही दुपारी चारनंतरचे.

गाडी बिंदू चौकाच्या बाजूला लावा आणि तिचं नाव काढू नका. भवानी मंडपातून चालत या, अंबाबाईचं दर्शन घ्या आणि पश्चिमेच्या महाद्वारातून बाहेर पडा. हा क्रम एवढ्यासाठी, की देवीचं तोंडही पश्चिमेलाच आहे. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं याच दारातून गाभाऱ्यात जातात, त्याला किरणोत्सव म्हणतात. वाटेतल्या बांधकामांनी किरणं अडतात म्हणून गावात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. नुसती दुकानं बघत चाललात तर हे ध्यानात येत नाही. दाराबाहेर पडल्यावर एकदा मागं वळून बघा.

कपडे, बांगड्या, पिशव्या, भांडी यांवर मी वेळ घालवणार नाही, ते सगळीकडं मिळतं. गुजरीत मात्र शिरा, खिशात पैसे नसले तरी. ही सराफांची गल्ली. कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला सोन्याचा दागिना, बघायचाय म्हणालात तर दाखवतात. पूर्वी साजाला 21 पानं असायची, त्यात मासा, कासव असे दशावतार यायचे. हल्ली दहा-बारा पानांचेच जास्त दिसतात. मण्यांच्या आत लाख भरलेली असते, त्यामुळं कमी सोन्यात दागिना भरीव दिसतो. घ्यायचाच असेल तर वजनात सोनं किती आणि लाख किती हे आधी विचारा, आणि तसं बिलावर लिहून घ्या. आमच्या आत्यानं विचारलं नव्हतं. मोडायला गेली तेव्हा कळलं.

आता चप्पल, म्हणजे आमच्या भाषेत पायताण. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत पहिल्याच दुकानदारानं "या की पाहुणं" म्हटलं म्हणून तिथंच पाकीट काढू नका. चप्पल उलटी करा. तळ चामड्याचा हवा, शिवण चामड्याच्या वादीची हवी, खिळा कुठं नको. रबरी तळ आणि मशीनची दोऱ्याची शिवण असेल तर ती रोजच्या वापराला ठीक आहे, पण खऱ्या चपलेच्या भावात घेऊ नका. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा वास वेगळाच येतो. एकदा नाकाला कळला की पुन्हा फसत नाही.

दुकानदार "हा माल अथणीचा" म्हणाला तर नाक मुरडू नका. उलट खरं बोलणारा माणूस भेटला समजा. 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. अथणी बेळगावातच येते. त्यामुळं तिथली चप्पलही कोल्हापुरीच.

पहिले आठ दिवस ती चावणार. तेल लावा, घरातल्या घरात घाला. पावसात तर अजिबात नको. मी जुलैमध्ये नवीकोरी घालून रंकाळ्यावर गेलो होतो, परत येईस्तोवर तिचा पापड झाला.

एवढं झाल्यावर पाय बोलायला लागतात, तेव्हा पापाची तिकटी ओलांडून गंगावेशीत जा. तिथं दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. फक्त जेवणाआधी प्या. मी एकदा दोन वाट्या पांढऱ्या रश्श्यावर प्यायलो होतो, पुढचं विचारू नका.